अकिहाबारांतील एक खरेदी

परदेशीं गेलेल्या गृहस्थानें परत आल्यावर तेथील मंदिरांचें, उद्यानांचें आणि फुजी पर्वताचें वर्णन करावें असा शिरस्ता आहे. आम्ही मात्र तोक्यो येथील मुक्कामांतला एक संबंध दिवस एका क्षुद्र वस्तूच्या शोधांत घालविला, आणि वाचकांची क्षमा मागून तीच हकीकत येथें सांगणार आहों. ती वस्तु म्हणजे भिंतींतील वीज जुन्या खेळयंत्रास मानवेल अशी करून देणारी डबी. तिला सर्वत्र अ‍ॅडॅप्टर म्हणतात.

आमचे वडील बंधु अण्णा १९८७ सालीं कंपनीच्या कामानिमित्त कांहीं महिने जपानांत राहून आले. येतांना त्यांनीं चिरंजिवांसाठीं निन्टेन्डोचें फॅमिकॉम व त्यास जोडावयाचें तबकडीयंत्र आणलें. फॅमिकॉम १९८३ सालचें. तबकडीयंत्र २१ फेब्रुवारी १९८६ रोजीं निघालें. त्यांत पिवळी चौकोनी तबकडी घालतात. खेळ तिच्यावरून वाचला जातो, आणि खेळणाऱ्याचें नांव व प्रगति तिच्यावर लिहिलीही जाते. पुण्यास खोकें उघडलें त्या संध्याकाळीं उत्साह मुलांहून आम्हांसच अधिक! अण्णा स्नानास गेले होते. आम्ही तबकडीयंत्राच्या अ‍ॅडॅप्टरच्या दोन चपट्या पात्या कशाबशा भिंतींत बसविल्या व बटण दाबलें. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली तिच्या दुपटीहून अधिक. थोड्याच वेळांत घरभर जळका वास पसरला. अण्णा पंचा गुंडाळून बाहेर आले, त्यांनीं डबी उपसून खिडकींत ठेविली, आणि "असो" एवढेंच म्हणाले. पुढें तें यंत्र सहा जाड सेलांवर चाले. त्या डबीविषयीं ते अखेरपर्यंत एक अक्षर बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

अण्णा आतां नाहींत. पुतण्या तोक्योच्या निशि-कासाई भागांत राहतो. तेथें आपल्याकडील मंडळींचा भरणा बराच आहे. त्यानें वडिलांचें तबकडीयंत्र सोबत नेलें, सैल पडलेला रबरी पट्टा बदलून घेतला, आणि आजच्या पडद्यास जोडतां येईल असें एक फॅमिकॉमही मिळविलें. अ‍ॅडॅप्टर तेवढा राहिला होता. "सेल घालतां येतील, काका," तो म्हणाला, "पण तबकडी लिहिली जात असतांनाच उतरले तर? तिच्यावर बाबांचें नांव आहे." तेव्हां हा अ‍ॅडॅप्टर आम्हीच घेऊन देणार, असें आम्ही सांगून टाकलें.

दुसरे दिवशीं नातवास घेऊन आम्ही तोझाई मार्गानें कायाबाचो व तेथून हिबिया मार्गानें अकिहाबारास आलों. या ठिकाणाचें नांवच मुळीं आगीशीं निगडित आहे. १८६९ सालच्या मोठ्या आगीनंतर येथें मोकळी जागा राखून अग्निशामक देवतेचें देऊळ उभारलें गेलें. लोकांनीं ती देवता अकिबा समजली, आणि त्यावरून हें नांव रूढ झालें. अ‍ॅडॅप्टर जाळलेल्या माणसास हें ऐकून किंचित् धीर आला. महायुद्धानंतर आसपासच्या रस्त्यांवर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार भरूं लागला. १९४९ सालीं रस्त्यावरचीं दुकानें उठविण्याचा हुकूम निघाला, तेव्हां पुष्कळ दुकानदार लोहमार्गाच्या पुलाखालीं शिरले. रेडिओ सेंटर नांवाची ती चिंचोळी पेठ आम्हीं पाहिली. समोरून कोणी आल्यास अंग चोरावें लागतें. दोहों बाजूंस बोटभर रुंदीच्या कप्प्यांत तारा, बटणें, दिवे मांडलेले, आणि डोक्यावरून आगगाडी धडधडत जाते. आमच्या तुळशीबागेची आठवण झाली. भांड्यांच्या जागीं तारा, एवढाच भेद.

जुन्या खेळांच्या दुकानांत वापरलेले अ‍ॅडॅप्टर टोपल्यांतून ठेवलेले होते. एका वृद्ध दुकानदारानें नातवाकरवीं आमची शिकवणी घेतली. पिन भोकांत बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर जुळला, असें समजूं नये, हा त्याचा पहिला धडा. फॅमिकॉमच्या अमेरिकन भावंडाचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट देतो खरा, परंतु तो उलटसुलट वाहणारा प्रवाह असतो. फॅमिकॉमला एकाच दिशेचा लागतो, आणि तो जोडला तर यंत्र मरतें. सेगाच्या मेगा ड्राइव्हची गोष्ट याहून विचित्र. पहिल्या नमुन्याच्या पिनेंत मधोमध ऋण, दुसऱ्याच्या पिनेंत मधोमध धन. शिवाय त्यास तबकडीची जोड व वरची जोड लावावयाची तर प्रत्येकीस आपापला अ‍ॅडॅप्टर! एका खेळास भिंतींतलीं तीन भोकें अडविणाऱ्या गृहस्थाच्या पत्नीविषयीं आम्हांस सहानुभूति वाटली.

आमच्या यंत्रास ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह हवा, तोही ४०० मिलिअँपियर, आणि पिनेच्या मधोमध ऋण. यांतील मिलिअँपियरचा आंकडा अधिक असला तरी भय नाहीं; यंत्र लागेल तेवढेंच ओढून घेतें, विहीर मोठी म्हणून घागर फुटत नाहीं. व्होल्टचें तसें नव्हे. दिशा चुकली तर मग कांहींच बोलावयास नको. डबीवर लहानसें वर्तुळ, त्याभोंवतीं कंस, आणि दोहोंकडे धन-ऋण चिन्हें असतात. तें चित्र वाचल्यावांचून पुढें जाऊं नये, असें म्हातारबुवांनीं तीन वेळां बजावलें. ऋण हा शब्द आम्हांस त्या दिवशीं निराळ्याच अर्थानें टोचत होता.

टोपलींतले अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टवरच चालणारे. पुतण्या उद्यां पुण्यास परतला तर पुन्हा तोच धूर. नव्या दुकानांत १०० ते २४० व्होल्ट घेणारे पुष्कळ होते, पण बहुतेकांच्या मधोमध धन. शेवटीं म्हातारबुवांनीं टेकडीकडे बोट केलें. गिटार वाजविणारे लोक पायाखालीं आवाज पालटण्याचीं जीं पेटकीं ठेवतात, त्यांसही ९ व्होल्ट व मधोमध ऋणच लागतें. तेव्हां ओचानोमिझु गांठा, असें तो म्हणाला.

कांदा नदीच्या कडेनें चढत गेलें कीं उजवीकडे युशिमा सेइदो लागतें. हें कन्फ्यूशियसचें मंदिर; तोकुगावांच्या काळीं येथेंच मोठी पाठशाळा होती. आंत झाडीखालीं त्या गुरूचा भव्य पुतळा आहे. चाळीस वर्षें खडू झिजविलेल्या माणसानें तेथें मस्तक न लवविलें तरच नवल. तेथून हिजिरी पुलावरून पलीकडे गेलों. उतारावर गिटारांचीं दुकानेंच दुकानें. तिसऱ्या दुकानांत हवी ती डबी मिळाली. नातवानें जपानी, आणि आम्हीं चष्मा पुसून आंकडे वाचले; विक्रेत्यानें मीटर लावून दाखविला, कांटा बरोबर नऊवर.

रात्रीं जोडणी आमच्या हातून व्हावी असा पुतण्यानें हट्ट धरला. आम्ही वर्तुळाचें चित्र पुन्हा एकदां पाहिलें, पिन बसविली, आणि हात मागें घेतला. यंत्र घरघरूं लागलें. पडद्यावर एका साहसकथेचें चित्र उमटलें, नंतर नांवांची यादी. तिच्यांत एकच ओळ भरलेली होती, तीन जपानी अक्षरांची.

"आन्ना," नातवानें वाचलें.

त्यांच्या लिपींत ण नाहीं. उच्चार सुधारण्याची आमची जन्माची खोड, पण त्या रात्रीं आम्हीं तो सुधारला नाहीं.