आद्याक्षरं

आजीच्या पासबुकात काकांचं नाव कुठेच नाही. सुरुवातीच्या प्रत्येक जमेच्या नोंदीपुढे निळ्या शाईतली त्यांची आद्याक्षरं तेवढी आहेत. अमळनेरला ते बँकेत कारकून होते. दिवसभर लोकांची नावं लेजरात चढवायची, संध्याकाळी पै-पैचा ताळा जुळवायचा आणि आपली खूण म्हणून कडेला दोन अक्षरं.

ऑक्टोबर 1962मध्ये चीननं आक्रमण केलं. सैन्याला अधिकारी कमी पडत होते, म्हणून तरुणांना थोडक्या प्रशिक्षणावर इमर्जन्सी कमिशन मिळू लागलं. पुण्यात आणि मद्रासला त्यासाठी प्रशिक्षण शाळा निघाल्या. काका पुण्याला गेले. पासबुकात त्यांच्या जागी दुसऱ्याची अक्षरं आली. सप्टेंबर 1965मध्ये सियालकोट आघाडीवर काका धारातीर्थी पडले.

पुढे वडिलांना गुजरातेत चलथाणच्या साखर कारखान्यात काम मिळालं आणि तापी लाइनच्या गाडीनं आमच्या बोचक्यातून पासबुकही इकडे आलं. पावसाळ्यात आजी ते उन्हं पडली की बाहेर काढायची, पान उलटायची, म्हणायची, “हाई तुना काकानं अक्षर शे.”

मोठेपणी सातारा-कोकणात फिरताना गावोगावी पहिल्या महायुद्धाचे दगड दिसले. गावातून किती गेले, किती मेले, एवढंच त्यांवर. नाव एकाचंही नाही. त्याच युद्धाच्या बसऱ्यातल्या स्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली, आपल्या पलटणींच्या साध्या जवानांची मात्र फक्त संख्या. तिकडे लंडनच्या बँकांनी युद्धात गेलेल्या आपल्या कारकुनांच्या नावांचे फलक लावले. हे कळल्यावर पासबुक पुन्हा उघडलं, तेव्हा ती दोन अक्षरं फारच तोकडी वाटली.

फेब्रुवारी 2019मध्ये दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक उभं राहिलं. तिथल्या ग्रॅनाइटवर काकांचं नाव पूर्ण आहे. देशानं ते लिहिलं, बरं वाटलं. पण त्या भिंतीवर सगळे सारखेच शूर दिसतात. माझे काका मला पासबुकात जास्त भेटतात. बँकेत तेव्हा आद्याक्षरं करायची म्हणजे ‘हे मी तपासलंय, चूक निघाली तर मला धरा’ असं लिहून देणं. आजीच्या साडेसात रुपयांसाठीही त्यांनी ते लिहून दिलं होतं. रणांगणावर जायला वेगळं धाडस लागलं असेल; दुसऱ्याची जोखीम अंगावर घ्यायला मात्र ते काउंटरवरच शिकले होते.