दप्तराबाहेरची भूक

विषमज्वरातून उठल्यानंतर वैद्यांच्या सल्ल्याने मी सायंकाळी मानवतच्या मोंढ्यापर्यंत फिरू लागलो, तेव्हापासून सरकीच्या पोत्यांआड बसणारी, लुतीने पाठ सोललेली एक कुत्री आणि तिच्यापासून हातभर अंतर राखणारी भुरी मांजर माझ्या परिचयाची झाली. दात झिजल्यामुळे कुत्रीला कोरडी भाकरी चावत नसे. दुधात कुस्करून दिली म्हणजे ती आधी माझी बोटे हुंगी, मग खाई.

२०१३ च्या अवर्षणात मराठवाड्यात गुरांसाठी चारा-छावण्या उघडल्या, आणि ते उचितच होते. परंतु ज्यांना धनी नाही, दावण नाही, त्यांची भूक कोणत्या दप्तरी नोंदवावी? २०२३ चे केंद्रीय नियम सांगतात, की भटक्या कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, जिथून धरले तिथेच त्याला परत सोडावे. नियम शहाणा आहे; पण त्याला खोली, पिंजरे आणि पशुवैद्य लागतात, आणि लहान गावाच्या तिजोरीत या जिवांची पाळी शेवटी येते.

नामदेवांचे नरसी १९९९ पर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका बालपणापासून ऐकत आलो; अलीकडे मात्र वाटते, त्या कुत्र्यात देव निघाला नसता तर कथा टिकली असती काय?

आडतीवरचे मुनीम म्हणतात, "गुरुजी, तुम्ही खाऊ घालता अन् कळप आमच्या दारात जमतो, लेकराला चावलं म्हणजे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. लसीसाठी परभणीच्या एका पशुवैद्यांना पत्र धाडले आहे. कुत्री धरायची कोणी, हे अद्याप ठरलेले नाही.