किनखाबाचे आठ तुकडे

अर्धांगवायूचा माणूस घरात असला की रात्रीचे तुकडे पडतात. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सांगवीच्या आमच्या घरात हे चौथं वर्ष. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या, आणि माझी कंबर, मान, झोप सारं त्यांच्या कुशीबरोबर फिरतं.

इयादतीला माणसं येतात. आजाऱ्याची विचारपूस करणं सुन्नत. लोक ती पाळतात, चांगलंच आहे. अम्मासाठी दुआ मागतात, मला ‘सब्र करो’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात. चहा मीच करते.

गेल्या ईदला नणंदेची मुलगी पुण्याहून आली. तिनं मला एक चिनी व्यायाम शिकवला. नाव बादुआनजिन, अर्थ किनखाबाचे आठ तुकडे. सुंग राजवटीपासून चालत आलेल्या या आठ संथ हालचाली. पहिलीत बोटं गुंफून तळवे आभाळाकडे न्यायचे, दुसरीत धनुष्य ओढायचं, शेवटी टाचा उचलून सात वेळा खाली सोडायच्या. सगळं श्वासाच्या चालीनं. चिनी लोक अंगात वाहणाऱ्या ‘ची’बद्दल बोलतात. मला त्यातलं कळत नाही. पण श्वास लांबवून सोडला की छातीतली धडधड उतरते, हे अनुभवाचं.

फज्रनंतर अंगणात हात वर केले, तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, “भाभी, ही कसली कवायत?” घरातल्या एका बुजुर्गांना ही कुणाची इबादत तर नाही ना, अशी शंका आली. त्यात ना मंत्र, ना मूर्ती. आणि चीन तरी किती परका? सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली तिथल्या जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले.

खरी अडचण निराळीच. व्यायामाला पंधरा मिनिटं लागतात आणि तिसऱ्या मिनिटाला आतून हाक येते. कान दाराकडे असले की श्वास कसला लांबणार? मग एके दिवशी आलेल्या चाचींना म्हटलं, “चाची, चहा नंतर. आधी थोडा वेळ अम्मांजवळ बसा.” त्या चमकल्या, पण बसल्या. मुलांचे अब्बा म्हणाले, “अम्माला माझ्यासमोर संकोच वाटतो.” म्हटलं, “कपडे मी बदलीन, तुम्ही नुसता हात धरून बसा.” आता सकाळची पंधरा मिनिटं त्यांची, जुम्म्याची दुपार चाचींची. कंबर अजून दुखते. रात्री तेवढ्याच वेळा उठते. पण उठल्यावर अम्मांवर चिडत नाही. त्यांनाही ते जाणवतं. हाक मारताना आता त्या कचरत नाहीत.

परवा एक लांबची नातेवाईक आली. चप्पल काढता काढता तिनं विचारलं, “मी किती वेळ बसू?” जाताना चहाही तिनंच टाकला.