पोचा

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने काही नवे शिकू नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. शिकायचेच झाले तर पेटी शिकावी, फार तर मोडी लिपी. अंगाला खाज सुटेल, कपड्यांना वास येईल आणि शेजारी भिंतीवरून डोकावून पाहतील, असे काही शिकणे शाळामास्तराला तर मुळीच शोभत नाही. तरीही गेल्या दसऱ्यानंतर मी फायबरग्लासचे काम शिकलो. आणि तेही हौसेपायी नव्हे, तर एका मोटारीच्या बॉनेटसाठी.

मोटार माझ्या थोरल्या भावाची. प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, तीही त्याने जुनीच घेतलेली. हिंगोलीच्या मोंढ्यात तो एका हळदीच्या अडतीवर मुनीम होता. मुनिमाने मोटार बाळगावी, ही गोष्ट अडत्यांना फारशी रुचत नसे. पण भावाला तिचा अभिमान फार. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, ही गाडी १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणवू लागली, ही सनावळी तो पाहुण्यांना आरतीसारखी म्हणून दाखवी. तिचे उत्पादन थांबून पुष्कळ वर्षे झाली होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भाऊ गेला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून गेली, ती बातमी वाचताना मला प्रथम आठवण झाली ती त्याची. तो असता तर त्या दिवशी त्याने जेवण टाकले असते.

भावाच्या मागे गाडी अंगणातल्या लिंबाखाली उभी राहिली. तीन पावसाळे तिने अंगावर काढले. बाकीचा पत्रा तग धरून होता. बॉनेट मात्र कडांनी गंजून चाळणीसारखे झाले. भंगारवाला दर महिन्याला येऊन आकडा सांगून जाई. वहिनी म्हणत, "भाऊजी, देऊन टाका. सकाळी दार उघडलं की तीच दिसते." त्यांचे म्हणणे मला समजत होते. पण माझा पुतण्या भंगारवाला आला की गाडीत जाऊन बसे आणि आतून काच वर घेई. वडील गेले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्यानंतर बारावीत अडकला, पुढे कॉलेजचे नाव काढीना. घरात तो हो आणि नाही या दोन शब्दांवर भागवीत असे. मुलांना बोलते करण्याचे माझे मास्तरकीचे सगळे उपाय त्याच्यापुढे थकले होते. अशात एके दिवशी तो आपणहून म्हणाला, "काका, बॉनेट फायबरचं करता येतं." इतके लांबलचक वाक्य त्याच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते. त्या वाक्याचा मान राखणे भागच होते.

मोंढ्याच्या पलीकडे, एका पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री फायबरचे काम करतात. पाण्याच्या टाक्या, देवळाचे कळस, गणपतीचे साचे, ट्रॅक्टरची छपरे असा त्यांचा संसार. "गुरुजी, काम मी करून देतो, तुम्ही कशाला हात खराब करता?" असे ते म्हणाले. करून घ्यायचे नाही, शिकायचे आहे, असे सांगितल्यावर त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग पुतण्याच्या हातात पॉलिश पेपर दिला. माझ्या हातात झाडू दिला. शिक्षण सुरू झाले.

फायबरग्लास म्हणजे काय, हे आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला समजावणे अगदी सोपे आहे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती आठवा. नुसती माती वाळली की तडकते. नुसता भुसा वाऱ्यावर उडून जातो. मातीत भुसा कालवून तुडवला की भिंत आजोबांपासून नातवापर्यंत उभी राहते. इथे भुशाच्या जागी काचेचे, केसाहून कितीतरी बारीक तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन. ताण सोसायचा तो तंतूंनी; त्यांना जागच्या जागी धरून ठेवायचे ते रेझिनने. ही काच तंतुरूपाने मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ती १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत गेम्स स्लेटर नावाच्या माणसाने साधली. १९५३ साली तिथल्या शेवरले कंपनीने कॉर्वेट मोटारीचे सबंध अंग फायबरग्लासचे केले. पहिल्या वर्षी निघाल्या त्या अवघ्या ३००, त्याही बऱ्याचशा हातांनी बनवलेल्या. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीने १९८२ साली डॉल्फिन नावाची छोटी मोटार आणली, तिचेही अंग याच मालाचे होते. म्हणजे पुतण्याचे डोके काही अगदीच आडरानात शिरले नव्हते.

या विद्येतली सर्वात गमतीची गोष्ट म्हणजे तिचा उलटेपणा. आधी वस्तूचा नमुना हवा. त्या नमुन्यावर मेण चढवून, वर फायबरचे थर देऊन साचा काढायचा. मग त्या साच्याच्या पोटात पुन्हा मेण लावून खरी वस्तू घडवायची. वस्तूचा बाहेरचा तुळतुळीत पृष्ठभाग सर्वांत आधी तयार होतो आणि मागची राकट बाजू शेवटी. आमचा नमुना म्हणजे ते जुने गंजके बॉनेटच. त्याची भोके पुट्टीने बुजवायची, घासून आरशासारखे करायचे आणि मग त्यावरून साचा घ्यायचा. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, साचा लई इमानदार असतो. नमुन्यावर केस पडला तर केस उमटंल. जे नको आसंल ते आत्ताच काढा. मागून काढता येत न्हाई."

आणि इथेच काम आठ दिवस अडले.

त्या बॉनेटवर मधोमध एक पोचा होता, तळहाताएवढा, उथळ. पुतण्या चार वर्षांचा असताना बॉनेटवर चढला होता आणि दिवाळीचा फटाका उडाला तेव्हा दचकून, दोन्ही पायांनी उडी मारून त्याने तो पाडला होता. भावाने गाडीला दोनदा रंग दिला. पोचा मात्र कधी काढू दिला नाही. "आमच्या चिरंजीवांची सही आहे," असे तो रंगाऱ्याला सांगे.

आता मिस्त्री पुट्टी कालवून उभे, आणि पुतण्या पोच्यावर हात ठेवून उभा. भरू नका, असेही तो म्हणेना. भरा, असेही म्हणेना. मी स्वतः पोचा राहावा अशा मताचा होतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला असल्या खुणांचा मोह फार. पण गाडी माझी नव्हती, आणि उडीही माझी नव्हती. बॉनेट तसेच सुतळीने बांधून रिक्षातून घरी आणले. आठ दिवस ते ओसरीत भिंतीला टेकून होते. येता-जाता सगळे त्याला वळसा घालून जात.

शेवटी वहिनींनीच विषय काढला. तांदूळ निवडता निवडता, वर न बघता त्या मुलाला म्हणाल्या, "भरून टाक रे तो पोचा. तो ठेवलास तर गाडी त्यांचीच राहील. तुझी कधी व्हायची?"

पुतण्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेल्यावर मिस्त्रींच्या हातून त्याने पाते घेतले आणि पोचा स्वतः भरला. एक थर, वाळवणे, घासणे. पुन्हा थर, पुन्हा घासणे. शेवटी डोळे मिटून त्याने बोटे फिरवून पाहिली. ती कुठे अडखळली नाहीत. मिस्त्री लगबगीने बाहेर जाऊन चहा सांगून आले.

त्यानंतरचे काम म्हणजे घड्याळाशी शर्यत. रेझिन जाड पाकासारखे असते. त्यात हार्डनर पडला की ते घट्ट व्हायला लागते. किलोमागे दहा ते वीस मिलिलिटर हार्डनर. थंडीत थोडा जास्त, उन्हात कमी. एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटे हातात राहतात. हिंगोलीच्या वैशाखात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तीही राहत नाहीत. डब्यातच रेझिनचा धूर निघतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते नीट सुकत नाही. म्हणून दसरा ते संक्रांत हाच या कामाचा हंगाम. रेझिनला गती देणारा कोबाल्ट आणि हा हार्डनर यांची नुसती थेट गाठ पडली तर भडका उडतो. मिस्त्री त्यांना शेडच्या दोन टोकांना ठेवतात आणि "ह्या दोघांची भाऊबंदकी हाय" असे प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी बजावतात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा. वाफा छातीत भरतात, म्हणून गाळणीचा मुखवटा. आणि काचेची कूस टोचते, म्हणून हातमोजे. हळदीच्या हंगामात सारे गाव हळदीच्या वासाने भरलेले असते. आमचे घर तेवढे त्या महिन्यांत रेझिनच्या वासाचे होते.

मॅट कापताना मला राहून राहून नरसीची आठवण होई. नरसी नामदेव आमच्याच जिल्ह्यातले. शिंपियाच्या कुळातल्या नामदेवांचे जन्मस्थान म्हणून आम्ही ते मानतो. हे काम लोहाराचे वाटते, पण आहे शिंप्याचे. सपाट कापड गोलाईवर बसवायचे म्हणजे कुठे चीर द्यावी, कुठे जोड चढवावा, याचे बेतणे आधी डोक्यात हवे. आमचे बॉनेट सव्वा चौरस मीटर भरले. चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीन थर, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत मॅट आणि तिच्या अडीचपट रेझिन. आधी अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट, मग एकेक थर, आणि प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवून आतली हवा बाहेर काढायची. बुडबुडा राहिला तर पुढे उन्हात तिथेच फोड येतो. बिजागऱ्या आणि कुलूप बसतात तिथे लोखंडी पट्ट्या थरांच्या आत पुरल्या; कारण धावत्या गाडीचे बॉनेट उघडून काचेवर आले तर ते फायबरचे आहे की पत्र्याचे, हे विचारायला कोणी उरत नाही. पाठीमागे पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरून चिकटवल्या आणि त्यांवर मॅट चढवून बरगड्या केल्या.

हात चालू लागले तसा पुतण्या बोलू लागला. बॉनेटवर हवेसाठी फुगवटा काढू, मडगार्डे रुंद करू, असे बेत निघाले. त्याने मला मोबाइलवर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार दाखवले. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी त्यांनी भंगारातून छोटी जीप केली. २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली. मी त्याला इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची गोष्ट सांगितली; १९४९ साली त्यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली होती, ती बाजारात मात्र येऊ शकली नाही. आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सुद्धा सांगितले. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आमच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण पुढ्यात होते. फुगवटा वहीत राहिला. वही मात्र त्याने जपून ठेवली आहे.

वस्तू साच्यातून सुटण्याचा दिवस हा बाळंतपणासारखाच. कडेने लाकडी पाचरी सारायच्या, फटीत पाणी सोडायचे, रबरी हातोडीने हलके थोपटायचे. बराच वेळ काही होत नाही. मग 'चट्' असा एक आवाज येतो आणि वस्तू सुटते. वहिनी त्या दिवशी शेडमध्ये आल्या होत्या, पदर नाकाला लावून. पूर्वीचे बॉनेट उचलायला दोन माणसे लागत. हे पुतण्याने एकट्याने उचलून त्यांच्यापुढे धरले. जिथे पोचा होता तिथे त्यांनी तळवा ठेवला, मग बोटांनी हलकेच टिचकी मारली.

"वाजतं कसं भोपळ्यासारखं!" त्या म्हणाल्या. आणि मग, "चांगलं झालंय. आता रंग तुझ्या मनाचा दे. नोंदणीत चालेल तो."

रंग पांढराच राहिला. नोंदणीतही तोच आहे. गाडी तपासणीतून पार पडली. पुतण्या आता मिस्त्रींच्या शेडमध्ये रोज जातो. बारावीचा राहिलेला विषयही त्याने सोडवला. पुढे काय करणार, हे मी अजून विचारलेले नाही. तो सांगेल तेव्हा सांगेल.

साचा आमच्या माडीवर आहे. पालथ्या होडीसारखा तो दिसतो. एवढी गुळगुळीत परात वाया का घालवता, म्हणून सौभाग्यवतींनी त्यात सांडगे वाळवण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो बेत मी रसायनांची भीती घालून मोडून काढला. तसाही त्याला आता वेळ नाही. वसमतचे एक गृहस्थ चौकशी करीत आले होते. त्यांच्याकडेही पद्मिनी आहे आणि तिचेही बॉनेट गंजले आहे. भाऊबीज झाली की पुतण्या त्यांच्यासाठी त्याच साच्यात मेण लावायला बसणार आहे.