दुसरी सही

यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून पुसदपर्यंत पानठेल्यांवर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे मिश्रण, गालाच्या आतल्या अस्तराशी वर्षानुवर्षे ठाण मांडतो, तेव्हा तिथल्या पेशींच्या जनुकांत बिघाड साचत जातात आणि त्यांतून घडणारी काही प्रथिने शरीराला परकी ठरतात. ती ओळखू शकणाऱ्या टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या वा बिघडलेल्या पेशींचा माग काढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बहुधा शरीरात हजर असतात, आणि तरीही गाठ वाढतच राहते.

टी-पेशीला नुसती ओळख पुरत नाही. ग्रामपंचायतीच्या धनादेशावर सरपंचाची सही झाली तरी ग्रामसेवकाच्या सहीवाचून पैसा हलत नाही, तसे परक्या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या ग्राहीने, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरच्या संकेत टिपणाऱ्या रेणूने, पहिला संकेत दिला तरी सीडी-२८ या सहउद्दीपक ग्राहीकडून दुसरा संकेत यावा लागतो. आणि तो समोरच्या पेशीने धोक्याची चाहूल लागून बी-७ नावाचे रेणू पृष्ठभागावर आणले असतील तरच येतो. एरवी टी-पेशी बधिर होते. ही अडवणूक किती मोलाची आहे ते २००६ मध्ये लंडनला दिसले : सीडी-२८ ला परस्पर चेतवणारे प्रायोगिक औषध दिलेले सहाही निरोगी स्वयंसेवक अतिदक्षता विभागात पोहोचले.

चेतलेली पेशी आवरण्याची सोयही तिच्याच अंगी असते. सीटीएलए-४ हा ग्राही बी-७ ला सीडी-२८ पेक्षा घट्ट धरून त्याची जागा बळकावतो, तर पीडी-१ हा ग्राही मुख्यतः सीडी-२८ चाच संकेत पेशीच्या आत विझवतो, आणि कर्करोगाची गाठ नेमका हा दुसरा लगाम खेचून बसते. हे लगाम सोडवण्याच्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. पण धामणगावला रेल्वे पकडून परळचे टाटा रुग्णालय गाठणाऱ्या रुग्णापुढचा प्रश्न नोबेलने सुटत नाही, कारण पीडी-१ अडवणारे निवोलुमॅब हे औषध दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम घ्यायचे तर शेत विकूनही भागणारे नाही.

इथे खुद्द ग्राहीच मदतीला आला. पेशीवरचे पीडी-१ मोजकेच असल्याने ते थोड्या औषधानेही बरेचसे व्यापले जातात, त्यामुळे त्यापुढची मात्रा फारसे काही साधत नसावी, या तर्काच्या आधारे टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांत चाचणी घेतली. स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्ष ओलांडू शकले नाहीत. अशा गाठींत टी-पेशी मुळात शिरतच नाहीत, की लॅग-३ किंवा टिम-३ सारखा आणखी एखादा लगाम तिथे आवळलेला असतो, हे तपासण्याचे काम जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.