अठरा मीटर

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीचे जगज्जेतेपद पटकावले, आणि तो बाण आमच्या ब्लॉकमध्ये येऊन रुतला. कन्या म्हणाली, "बाबा, आपण घरातच सराव करू या!"

इनडोअर स्पर्धेचे अंतर १८ मीटर. आमचा ब्लॉक, गॅलरीतली तुळस धरूनही, साडेनवाच्या पुढे जात नाही. पण तिचे सर म्हणाले, हात बसवायला पाच मीटर पुष्कळ. तेवढा पॅसेज होता. टोकाच्या भिंतीशी फोमचा दाट ठोकळा ठेवला आणि त्यामागे घोंगडी सैल सोडली. सैल घोंगडी चुकार बाणाला कवेत घेऊन खाली बसवते; ताणून बांधली तर आरपार! (संसारातही हेच असावे, पण ते असो.)

बाथरूमचे दार नेमके मधेच उघडते. म्हणून आधी हजेरी. सगळे तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात. "मुलीच्या जातीला धनुष्य कशाला?" म्हणणारी आमची आई आता सर्वांत आधी "हजर!" म्हणून ओरडते.

शिट्टी माझ्याकडे. दोन वाजल्या की रेषेवर यायचे, एक वाजली की बाण सोडायचे, तीन वाजल्या की ते आणायला जायचे. पहिल्याच दिवशी तीन देऊन मी बाण उपटायला गेलो आणि मागून एक शिट्टी झाली. कुकरची! कन्येने धनुष्य आधीच खुंटीला टांगले होते, म्हणून हे लिहितो आहे.

आता सहा ते सात कुकर बंद. रात्री रोज पिठले-भाकरी. ही म्हणते, "कुकर माहेरचा आहे, शिट्टी तुम्ही बदला."