चार महिन्यांचं कुंपण

डहाणू-तलासरीच्या पूर्व भागात भात कापून खळ्यावर आलं की शेताच्या हद्दी काही महिने नावापुरत्याच उरतात. बांध जागेवर असतात, सातबाराही असतो. पण कुणाची गुरं कुणाच्या शेतात चरतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पावसाळाभर राखणीत असलेली गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात, भाताचे खुंट आणि बांधावरचं गवत खातात, जाताना शेण टाकून जातात. ही सवलत कुठल्या कायद्याने दिलेली नाही, गावाने एकमेकांना दिलेली मुभा आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत ज्याच्याजवळ थोडं पाणी असतं, विहिरीचं, ओढ्याचं, कुर्झे धरणाचं नाहीतर सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं, तो मिरची, वांगी, वाल, काकडी लावतो. सगळं शिवार मोकळं आणि मधे पाच गुंठे हिरवे. माझं काम तिथे सुरू होतं. मी जाळीची हलकी, तात्पुरती कुंपणं बांधतो.

‘तात्पुरतं’ म्हटलं की लोकांना ते स्वस्तातलं, दुय्यम, पैसे आले की बदलायचं असं वाटतं. रेल्वेच्या पश्चिमेला, डहाणू-घोलवड-बोर्डीच्या किनारपट्टीत हा समज खराही आहे. तिथल्या चिकूच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या एका जागी उभ्या आहेत. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. झाड अनेक दशकं फळ देणार असेल तर दगडी गडगा किंवा काँक्रीटचे खांब परवडतात. मिरचीच्या पाच गुंठ्यांना ते हिशेबात बसत नाही, आणि हिशेबात बसलं तरी गावात बसत नाही. वर्षभर बंद असलेल्या कुंपणाने दुसऱ्याच्या गुरांची वाट अडते, पाणवठ्याकडे जायला वळसा पडतो, आणि मग शेळी आत शिरली की शिरू दिली यावरून भांडणं लागतात. गुरं कोंडवाड्यात घालायची सोय १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्यापासून आहे. पण शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात नेऊन घालणाऱ्याच्या लावणीला पुढच्या आषाढात कोण येणार?

म्हणून माझ्या धंद्यात कुंपण किती पक्कं उभं राहतं हा पहिला प्रश्न नाही. ते किती सहज निघतं, हा आहे. बाकीची सगळी मापं या एका प्रश्नातून निघतात.

पहिलं माप वजनाचं. दिवाळी झाली की पाड्यांवरची धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीकडे, गुजरातेत बांधकामांवर जातात. भाजीच्या मागे राहतात त्या बहुधा म्हाताऱ्या नाहीतर लेकुरवाळ्या बाया. जाळी टेंपोतून डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून पुढची बांधावरची वाट डोक्यावरून. एका आजीने मला आधीच बजावलं होतं, “भाऊ, माझ्या डोक्यावर जाईल तेवढंच बांध.” इतकी नेमकी ऑर्डर मला दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

चार फूट उंच, दहा मीटर लांब, दोन इंची चौकोनांच्या वेल्डेड जाळीचा एक गुंडा घ्या. १० गेजच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर जाडीच्या तारेत तो ३१ किलोच्या आसपास भरतो. १४ गेजमध्ये, दोन मिलिमीटरला, १२ किलो. १६ गेजमध्ये जेमतेम ८ किलो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे दुकानात प्रत्येकाला नव्याने सांगावं लागतं. पण ‘एक बाई उचलेल का’ असं विचारलं की सगळ्यांना लगेच कळतं. बारा किलोचा गुंडा डोक्यावर जातो. एकतीस किलोच्या गुंड्याला दोन पुरुष लागतात, आणि ते तर भट्टीवर गेलेले असतात. शिवाय जाळी बाजारात किलोवर विकली जाते, तेव्हा पाठीवरचं ओझं कमी झालं की खिशावरचंही होतं.

मात्र हलकेपणा फुकट मिळत नाही. तारेची जाडी निम्मी केली की वजन चौथाईवर येतं, पण वाकायला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. जाड जाळी स्वतःच्या ताठपणावर उभी राहते. बारीक जाळीला ताण द्यावा लागतो. बाजेच्या सुतळीचं जसं आहे, एकेक दोरी बोटाने वाकते आणि ताणून विणली की माणसाला झेलते, तसंच हे. म्हणून मी लोखंड कमी करतो आणि ताण वाढवतो. वर एक, खाली एक, अशा १२ गेजच्या दोन आडव्या तारा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेतो. टोकाला तार दुहेरी करून मधे वीतभर काठी घालायची आणि पीळ देत जायचं. तार हळूहळू गाणं म्हणायला लागते. मग काठी जाळीत अडकवून ठेवायची. ऊन वाढलं, तार सैल पडली, की आणखी दोन पीळ. पक्कड नको, यंत्र नको. काढताना काठी उलटी फिरवली की झालं.

ताण आला की तो सगळा कोपऱ्यांवर जातो. कोपऱ्याचा खांब आत झुकला की सबंध कुंपण लोंबतं. म्हणून कोपऱ्यांना जाड बांबू किंवा लाकूड, आणि कुंपणाच्या ओळीतच आतल्या बाजूने तिरका टेकू. मधल्या खांबांना फारसं काम नसतं, जाळी उभी धरायची एवढंच. तिथे १२ मिलिमीटरची साडेपाच फुटी सळई पुरते. एकीचं वजन दीड किलो. तिच्या बुडापासून सव्वा फुटावर एक आडवा तुकडा वेल्ड केला की पायाने दाबून ती जमिनीत जाते. बांबू घरचा असतो, पण जमिनीलगत त्याला उधई लागते आणि हंगाम संपायच्या आत तो तिथेच मोडतो.

जमीनही सगळीकडे सारखी नाही. किनाऱ्याकडे रेताड, तिथे सळई सहज जाते आणि तितक्याच सहज हलते; ती खोल घालावी लागते. तलासरीकडच्या माळांवर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. भात काढल्यावर ओल असताना खांब रोवले तर जातात. माघात गेलात तर पहार नुसती खणखणते. जाळीचा मुहूर्त पंचांगात नसतो, ओलीत असतो.

शेळी हा कुंपणाचा खरा परीक्षक. ती धडक देत नाही. पुढचे दोन पाय जाळीवर टेकून उभी राहते आणि पानाकडे मान काढते. रोज असं झालं की जाळीला पोट येतं. वरची कड पक्क्या बांबूला घट्ट बांधली तर तिला टेकायला आयती जागा मिळते. म्हणून वरची तार ताणलेली पण थोडी हलती ठेवतो. हलत्या आधारावर शेळीला भरवसा वाटत नाही. कोंबड्यांसाठी खालच्या फूटभरात बारीक षटकोनी जाळी जोडतो. हीच बारीक जाळी पूर्ण उंचीला लावली तर फार हलकी होते खरी, पण शेळ्या एका हंगामात तिची चाळण करतात.

बांधणीच्या तारेबद्दल मी फार कडक आहे. जाळी खांबाला बाइंडिंग तारेने आवळायची आणि काढताना कापायची, ही सर्रास पद्धत. कापलेले इंचभर तुकडे शेतात पडतात. नंतर गवताबरोबर ते गाईच्या पोटात जातात, दुसऱ्या कप्प्यात अडकतात, आणि तिथून पडदा भेदून हृदयापर्यंत पोचू शकतात. जनावरांच्या डॉक्टरांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. गुरांपासून चार महिने पीक वाचवायचं आणि उरलेले आठ महिने गुरांना तार चारायची, याला कुंपण म्हणत नाहीत. म्हणून जाड तारेचे इंग्रजी ‘एस’ आकाराचे आकडे करून घेतो. ते अडकवायचे, काढायचे, मोजून डब्यात ठेवायचे. डबा भरला की समजावं, शेत साफ.

गंज हा दुसरा शत्रू. खाऱ्या वाऱ्यात जस्ताचा थर लवकर झिजतो, त्यामुळे बोर्डीला जाणारी जाळी आणि समुद्रापासून लांबच्या उधव्याला जाणारी जाळी मी एकाच गठ्ठ्यातली निवडत नाही. थर किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. नवी जाळी सगळीच चकाकते. बागायतदाराच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतंच. ते काचेच्या बाटलीत पाण्यात विरघळवून तारेचा तुकडा मिनिटभर बुडवा, धुऊन पुसा, परत बुडवा. जस्त संपून लोखंड उघडं पडलं की तिथे तांब्याचा लालसर थर बसतो आणि पुसून जात नाही. पहिल्याच बुडीत तुकडा लाल झाला तर ती जाळी किनाऱ्यावर नेऊ नये. वेल्डेड जाळीत सांधे आधी तपासावेत, कारण जस्त आधी चढवून वेल्डिंग नंतर केलं असेल तर सांध्यावरचं जस्त जळालेलं असतं.

आकाराचा हिशेब तर कागदावर फुकट होतो आणि तरी बहुतेक जण करत नाहीत. पाच गुंठे चौरस असतील तर भोवती ९० मीटर जाळी लागते. तेच पाच गुंठे ओढ्याकाठी दहा मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब असले तर १२० मीटर. दहा-दहा गुंठ्यांच्या चार शेजाऱ्यांनी वेगवेगळी कुंपणं घातली तर मिळून ५०० मीटरच्या वर जाळी जाते. चौघांनी मिळून एकच घातलं तर निम्म्यात भागतं. पण मग फाटक एक, आणि ते उघडं कुणी टाकलं हा वाद चौघांचा. म्हणून एकत्र कुंपणाची आखणी करताना मी आधी माणसं बघतो, मग जमीन.

या जाळीने काय होत नाही तेही सांगायला हवं. रानडुक्कर तिला जुमानत नाही. खालून मुसंडी मारून जाळीच उचलतं. वानरांना तर ती शिडीच. डुकरांसाठी लोक जुन्या साड्या बांधतात; वारा सुटला की त्या शिडासारख्या फुगतात आणि खांब उपटतात. किनाऱ्याकडे मासेमारीची टाकून दिलेली नायलॉनची जाळी लावतात. ती हलकी आणि फुकट असते, पण धामण तिच्यात अडकून तडफडून मरते, आणि उंदीर खाणारी धामण गेली की शेताचंच नुकसान. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा, थांबून थांबून येणारा असतो, त्याची गोष्ट वेगळी. काही जण मात्र जाळीत घरची वीज सोडतात. त्याने माणसं मेली आहेत. तो गुन्हा आहे, आणि असं कुंपण मागणाऱ्याला मी जाळी विकत नाही.

हलक्या जाळीचा मला सर्वांत आवडणारा उपयोग वेगळाच आहे. शेजारच्या गुजरातेतल्या वांसदा भागात मणिभाई देसाईंच्या बायफ संस्थेने १९८२ साली वाडीचा प्रयोग सुरू केला. आंबा-काजूची कलमं आणि कडेने झाडांचं जिवंत कुंपण. पुढे तो जव्हारकडेही आला. जिवंत कुंपणाची अडचण एकच, ते वाढेपर्यंत त्यालाच कुंपण लागतं. मोगली एरंड आणि निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, पण त्यांच्या आतल्या कलमांना लावते. करवंद, सागरगोटा दाट व्हायला काही पावसाळे जातात. तेवढे दिवस जाळीने उभं राहायचं, वई भरली की निघायचं आणि दुसऱ्या वाडीवर जायचं. एक जाळी अशी अनेक वाड्यांची राखण करते.

जाळी विणायचं यंत्र चार्ल्स बार्नार्ड यांनी १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉर्विचला तयार केलं, ते कापडाच्या मागावरून. म्हणजे गुंडाळलं जाणं जाळीच्या जन्मातच आहे. काटेरी तारेचं कूळ निराळं. अमेरिकेत ग्लिडन यांनी १८७४ साली तिचं पेटंट घेतलं आणि तिथली मोकळी कुरणं कायमची बंद होत गेली. आमच्या या मुलखात जमीन, गवत आणि ‘आत कुणी यायचं’ हे प्रश्न फार जुने आहेत. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरीच्या सभेत वारल्यांनी वेठ नाकारली, आणि त्याच वर्षी गवत कापणीच्या मजुरीवरून संप झाला. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवलं आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत्या जमिनीवरचा हक्क मान्य केला. हक्काची जमीन राखायला कुंपण हवंच. पण ज्या गावात माळ सगळ्यांचा आहे, तिथे ते पिकापुरतं हवं.

म्हणून जाळी घेणाऱ्यांना, आणि योजनांतून जाळी वाटणाऱ्या संस्थांनाही, माझं एक सांगणं आहे. किती वर्षं टिकेल हे विचारण्याआधी गुंडा किती किलोचा आहे, एकटी बाई तो लावू आणि काढू शकते का, आणि काढल्यावर शेतात लोखंडाचा तुकडा राहतो का, एवढं विचारा. आणि शेवटची मिरची तोडली की कुंपण कितीही ताठ उभं असलं तरी काढा. पावसाच्या आधी जाळी माळ्यावर गेली तर पुढच्या कार्तिकात ती कामाला येईल, आणि तोवर शेजाऱ्याची गुरं तुमच्या शेतात शेण टाकून गेलेली असतील.